विशेषांक काढायचाच, तर लोणारचा काढा

"विशेषांक म्हणजे दिवाळी अंकच ना रे बाप्पा?" आत्यानं फोनवर विचारलं. एका संशोधन त्रैमासिकाला विशेषांक सुचवावा असं डोक्यात आहे, एवढंच मी म्हणालो होतो. हसू आलं, पण तिचं काही चुकलं नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला विशेषांक म्हटलं की फराळच आठवतो.

तर आत्यासाठी आणि ब्लॉगवरच्या बाकी मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगतो. संशोधनपत्रिकेचा नेहमीचा अंक म्हणजे आलेल्या लेखांतून निवडून केलेली मिसळ. विशेषांकात विषय एकच असतो. त्या विषयातला कुणीतरी संपादकांना प्रस्ताव पाठवतो: प्रश्न काय आहे, तो आत्ताच का घ्यायचा, कोण कोण लिहू शकेल, लेख तपासणार कोण आणि किती महिन्यांत. संपादकांना पटलं तर तो माणूस त्या अंकापुरता अतिथी संपादक होतो. मग लेख मागवायचे, तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, अर्धेअधिक परत पाठवायचे. काम किचकट आहे आणि मानधन बहुधा शून्य.

निदान असं असायला हवं. प्रत्यक्षात काय चालतं ते आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्यांना विचारा! दर महिन्याला मोबाईलवर निरोप येतो: एकदिवसीय परिसंवाद, विषय अमुक 'आणि त्याचे विविध पैलू', सर्व निबंध 'आंतरराष्ट्रीय विशेषांका'त छापले जातील, शुल्क इतके रुपये, आठ दिवसांत प्रसिद्धी. आठ दिवसांत लेख तपासणारा तज्ज्ञ मला तरी अजून भेटलेला नाही. असे अंक मी उघडून पाहिले आहेत. एकाच अंकात कापूस, कबीर, करप्रणाली आणि कबड्डी. मग विशेष काय, तर पावती!

दोष फक्त मास्तरांचा नाही. बढतीसाठी गुण आणि गुणांसाठी छापील निबंध, अशी साखळी वरूनच आली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशींवरून यूजीसीच्या यादीत आलेली एक हजारावर नियतकालिकं तपासली आणि त्यातली ८८ टक्के निकषांत बसत नसल्याचं 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. त्याच वर्षी यूजीसीनं यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. आणि हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. २०२३ मध्ये हिंदावी या मोठ्या प्रकाशनसंस्थेला आठ हजारांवर निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्यातले बहुतेक विशेषांकांतलेच होते. अतिथी संपादकाच्या हाती किल्ली देऊन घरमालक झोपी गेला, की असं होतं.

मग विशेषांक हा प्रकारच बंद करावा का? मला तसं वाटत नाही. काही प्रश्न असे असतात की एका विषयाच्या माणसाला ते पेलत नाहीत. आणि असा एक प्रश्न आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आ वासून पडला आहे: लोणार.

लोणार म्हणजे काळ्या बसाल्टात अशनीच्या धडकेनं पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि त्याच्या तळाशी खारं पाणी. १९७३ साली 'सायन्स'मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांचा निबंध आला. धडकेच्या प्रचंड दाबानंच होऊ शकतात अशा खुणा इथल्या दगडात सापडल्याचं त्यात होतं, आणि ज्वालामुखी की अशनी हा जुना वाद त्यानं जवळपास मिटवला. चंद्रावरचे अनेक खड्डे बसाल्टातले आहेत, म्हणून जगभरचे लोक लोणारला येतात.

पण हे विवर किती जुनं? १९९७ मध्ये एका पद्धतीनं उत्तर आलं ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं आलं ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे जवळपास अकरापट फरक! दोन्ही बाजू एकाच अंकात, शेजारी शेजारी, साध्या मराठीत मांडल्या आहेत असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. लोणारच्या शाळेतल्या पोराला पाटीवरचा आकडा पाठ असतो, पण तो कसा काढला हे त्याला कुणी सांगत नाही.

पुढे पाहा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अति खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळ्याला रामसर दर्जा मिळाला. आणि अलीकडे उलटच, पाणी चढून काठावरच्या देवळांत शिरल्याच्या बातम्या आल्या. गोडं पाणी वाढलं तर खारटपणा उतरणार आणि त्यावर जगणारे जीवही बदलणार. आता हे पाणी कुठून येतं, हा भूजलवाल्याचा प्रश्न. काठावरची कमळजा देवी आणि तिची यात्रा समाजशास्त्राची, गावातलं दैत्यसूदन मंदिर इतिहासाचं, सूक्ष्मजीव जीवशास्त्राचे. तळं मात्र एकच आहे.

आणि शब्द! 'आईन-ए-अकबरी'त या तळ्याची नोंद आहे, काच आणि साबणासाठी लागणाऱ्या क्षारासाठी. हा क्षार काढणारे त्याचे प्रकार ओळखत आणि त्यांना वेगवेगळी नावं देत: डल्ला, पापडी, भुस्की. रसायनशास्त्रात त्यांना कार्बोनेट-बायकार्बोनेट म्हणतील. पण कुठलं नाव कुठल्या क्षाराचं, हे पारखायला प्रयोगशाळा आणि गावातली म्हातारी माणसं दोन्ही लागतील. माणसं थांबणार नाहीत. मला घाई आहे ती याचीच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विशेषांकाचा प्रस्ताव "आम्हाला छापायचंय" इथून सुरू होऊ नये, "हे आम्हाला कळत नाहीये" इथून व्हावा. लोणारच्या प्रस्तावात मी पाच अटी घालणार आहे. लेखकाकडून एक पैसाही शुल्क नाही. लेख मराठीत, आकडेवारी आणि नकाशांसह. प्रत्येक लेख दोघांनी तपासायचा, त्यातला एक दुसऱ्या विषयाचा. अतिथी संपादकाचा स्वतःचा लेख नाही, फक्त प्रस्तावना. आणि जिथे मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू छापायच्या.

यावर एका सहकाऱ्यानं विचारलं, "मराठीत लिहून गुण कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. तरुण प्राध्यापकाला घर चालवायचं असतं, त्याला त्यागाची भाषा ऐकवणं मला बरं वाटत नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं आपली केअर यादीच बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखणं विद्यापीठांवर, महाविद्यालयांवर सोपवलं. म्हणजे आता दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. नीट तपासलेल्या मराठी लेखाला मान द्यायचा की नाही, हे अमरावतीलाही ठरवता येईल. नाही ठरवलं, तर आठ दिवसांत छापून देणारे आहेतच.

दुसरा आक्षेप असा की जग इंग्रजीत वाचतं. वाचू दे की! प्रत्येक लेखाचा इंग्रजी सारांश देऊ. पण तळ्याचे नमुने बाटलीत भरून पुण्या-मुंबईला आणि परदेशी जातात, तर निष्कर्ष कधीतरी परत गावात यायला नकोत का? काठावर शेतात बोअर घ्यायची की नाही, सांडपाणी कुठे सोडायचं, हे निर्णय इथली माणसं घेतात. त्यांना वाचता येत नाही असं संशोधन तळ्याच्या काय कामाचं?

प्रस्ताव दोन पानांचाच ठेवतो आहे. तुमच्यापैकी कुणी भूशास्त्र, सूक्ष्मजीव किंवा मंदिर-स्थापत्यातलं असेल, किंवा कुणाच्या आजोबांनी लोणारचा खार काढलेला पाहिला असेल, तर जरूर कळवा. आणि आत्या, यात कविता आणि राशिभविष्य नसणार, हे आधीच सांगून ठेवतो!