उणिवेची नोंद होते, अतिरेकाची कधी?

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्या १२ निकषांत जस्त, लोह, तांबे, मँगनीज आहेत; शिसे, कॅडमियम नाहीत.

वाळूमय जमिनीत धातूंचे आयन धरून ठेवणारी चिकणमाती व सेंद्रिय द्रव्ये अल्पच. हिरवळ पिवळी पडताच तिथे सूक्ष्मद्रव्यांची आणखी एक मात्रा देणे घातक ठरू शकते. कारण अतिरिक्त जस्त आणि तांबे लोहाच्या शोषणात अडथळा आणतात व पिवळेपणा वाढतो.

धातू कुजून नाहीसे होत नाहीत. आम्लधर्मी मातीत चुना त्यांची विद्राव्यता घटवतो, परिपक्व कंपोस्ट त्यांना बांधून ठेवते. मात्र शहरी कचऱ्याचे खत धातूंसाठी तपासलेलेच हवे. पत्रिकेने किमान गरजेबरोबर कमाल मर्यादाही सांगितली पाहिजे.