काजव्यांच्या रानात हेडलाइट कशाला?

१९१७ साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात फिलिप लॉरेंट नावाच्या गृहस्थांचं एक टिपण छापून आलं. असंख्य काजवे एकाच क्षणी पेटतात आणि एकाच क्षणी विझतात, असं त्यांनी पूर्वी कधीतरी पाहिलं होतं. पण किड्यांना असलं काही जमणं शक्य नाही, हे त्यांचं ठाम मत. मग त्यांनी खुलासा केला, की काजवे बापडे काहीच करत नव्हते, माझ्याच पापण्या फडफडत होत्या!

अकोले तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसेल. मे महिना सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं रात्री उजळू लागतात. एका फांदीवर सुरू झालेली लुकलुक बघता बघता अख्ख्या झाडावर पसरते आणि मग सगळं झाड एका ठेक्यात उघडझाप करू लागतं. हातावर उतरलेला एखादा काजवा उलटा करून पाहावा. पोटाचे शेवटचे दोन खंड फिकट पिवळे दिसले तर तो नर, एकच दिसला तर मादी. तिथून हिरवट पिवळा उजेड फुटतो, पण तळव्याला ऊब म्हणून लागत नाही. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि प्राणवायू यांची गाठ ल्युसिफेरेज हे विकर घालून देतं आणि त्यातून हा थंड प्रकाश निघतो.

उजेडाचं कोडं असं सुटतं. ठेक्याचं मात्र बराच काळ सुटत नव्हतं. १९६०च्या दशकात जॉन आणि एलिझाबेथ बक हे शास्त्रज्ञ दांपत्य थायलंडला गेलं. नदीकाठचे काजवे पिशव्यांत भरून त्यांनी बँकॉकच्या हॉटेलात आणले आणि खोलीत अंधार करून सोडून दिले. काजवे भिंतींवर जाऊन बसले. आधी दोघांचा ताल जुळला, मग तिघांचा, मग आणखी काहींचा. तिथे म्होरक्या कोणीच नव्हता. भजनात शेजारच्याचा टाळ ऐकून आपला टाळ सावरून घ्यावा, तसा प्रत्येक काजवा शेजारची चमक पाहून आपली वेळ किंचित मागेपुढे करतो. एवढ्यावर सगळा जमाव एका ठेक्यात येऊ शकतो, हे रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० साली गणिताने सिद्ध करून दाखवलं.

पण हा खटाटोप कशासाठी? अमेरिकेतल्या अशाच एका जातीवर अँड्र्यू मोइसेफ आणि जोनाथन कोपलँड यांनी केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. नरांऐवजी त्यांनी मादीसमोर छोटे दिवे लुकलुकवले. सगळे दिवे एकदम पेटले तेव्हा मादीने ८०हून अधिक टक्के वेळा उत्तर दिलं. त्यांचा मेळ बिघडवला तेव्हा १० टक्केसुद्धा नाही. म्हणजे आपण ज्याला रोषणाई म्हणतो, ते त्यांचं लग्न जुळवणं आहे. त्यासाठी चमक लागते, तितकाच मधला अंधारही लागतो.

नेमका तोच अंधार आपण मोडतो आहोत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या रस्त्यावर उभं राहून पाहा. गाड्यांची रांग, वर केलेले हेडलाइट, झाडावर रोखलेल्या विजेऱ्या, मोबाइलचे फ्लॅश, गाण्यांचा दणदणाट. काजव्याची अळी पालापाचोळ्यात गोगलगायी खात महिनोन् महिने वाढते आणि पंख फुटल्यावर तिला मिळतात जेमतेम दोनतीन आठवडे. त्यातल्या रात्री आपण खाल्ल्या, तर पुढची पिढी यायची कुठून? आणि ज्या पाल्यात अळ्या वाढतात, त्याच्यावरच आपली पार्किंगं होतात.

पर्यटन बंद करा, असं मी म्हणणार नाही. या गावांतल्या आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याआधी चार पैसे मिळतात ते यावरच. पण एका रात्रीत किती माणसं आत सोडायची, याला मर्यादा हवी. अंधार पडल्यावर खासगी गाड्या अलीकडेच थांबवाव्यात आणि पुढे गावकऱ्यांच्या जीपमधून, गावातलाच वाटाड्या बरोबर घेऊन जावं. पैसा गावातच राहील आणि झाडांखालचा अंधारही. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये काजवा तसाही उमटत नाही, उमटतं ते नुसतं झाड.

यंदा जाणार असाल तर आडवारी जा, रस्ता सोडून आत शिरू नका आणि विजेरी खिशातच ठेवा. दहा मिनिटांत डोळे सरावतात. तेवढा धीर नसेल, तर घरी बसून व्हिडिओ पाहिलेला बरा.