मनाची गोळी अर्ध्यावर सोडू नका



पारोळ्याकडे काय किंवा शिंदखेड्याकडे काय, अमक्याने औषध घेतलं अशी बातमी पारावर आली की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. बोलणारा दवाखान्याच्या गोळीविषयी बोलत नाही हे सर्वांना ठाऊक असते. फवारणीच्या विषाला आपल्याकडे औषध म्हणतात, आणि डॉक्टरांनी डिप्रेशनवर लिहून दिलेल्या खऱ्या औषधाला म्हणतात वेड्याची गोळी. ती गोळी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली जाते. तिच्याविषयी उघड बोलायलाच हवे.

गोळीने कर्ज फिटते काय? सभेत हा सवाल हमखास येतो. नाही फिटत. कापसाचा भावही वाढत नाही. शेतकऱ्याचे मरण म्हणजे त्याच्या डोक्यातला बिघाड, असे सांगून सरकारला हात झटकू देणार नाही, यावर आमचे दुमत नाही. पण कर्जाने वाकलेला माणूस आजारीही पडतो. उपाशी माणसाला क्षय झाला तर त्याला भाकरीही लागते आणि क्षयाच्या गोळ्याही. भाकरी मिळेपर्यंत गोळ्या थांबवा, असे कोणी म्हणते का? दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, वावरात पाय वळत नाही, आपण घराला ओझे झालो असेच वाटत राहते, तर तो आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे.

सरकारने 2015 साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, तो विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांसाठी. जळगाव-धुळे त्यात नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला पाठवले. आधी डिप्रेशनच्या शंभर रुग्णांत चार-पाच जण उपचारापर्यंत पोचत होते, ते 27 वर गेले. हे आकडे 2017 साली प्रसिद्ध झाले. उरलेले 73 तिथेही घरातच राहिले, हेही विसरू नये.

आता गोळीचे. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन अशी नावे पाकिटावर दिसतील. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो: मळमळ, पातळ शौचाला होणे, डोके जड, झोप उडणे किंवा फार येणे. बहुतेकांचा तो पंधरा दिवसांत ओसरतो. नेमके याच वेळी माणूस म्हणतो, गोळीने जास्तच बिघडले, आणि पाकीट उकिरड्यावर जाते. सरकी टोबून दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब पाहण्यातलाच हा प्रकार.

दुसरी सोड याहून वाईट. दोन महिन्यांनी बरे वाटते, दादर काढणीला आलेली असते, दवाखान्याला जायला फुरसत नसते, आणि गोळी बंद होते. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी ती घ्यावी लागते. आजार उलटून आलेला असेल तर त्याहून जास्त. एकदम तोडली तर चक्कर, अंगात झिणझिण्या, चिडचिड सुरू होते. मग लोक म्हणतात, सवय लागली. तसे नाही. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीचा, आणि दोन्ही गोळ्या एक नव्हेत. बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. पैसे पुरावेत म्हणून एकाआड एक दिवस घेणे, शेजाऱ्याला बरे वाटले म्हणून त्याचे पाकीट आणणे, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेणे, हे सगळे बंद करा.

शेतकऱ्याला काही जास्तीची काळजी लागते. कंबर दुखली की आपण डायक्लोफेनॅक गिळतो. यातल्या बऱ्याच गोळ्यांसोबत ते घेतले तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल तर विचारल्याशिवाय घेऊच नये. दारू वर्ज्य. अमिट्रिप्टिलिनने गुंगी येते, उठताना तोल जातो, घाम कमी येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 पार जातो, तेव्हा ती घेणाऱ्याने भर दुपारी वावरात राबू नये. म्हाताऱ्या माणसाला लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधीच सांगावे. आणि फवारणीनंतर उलट्या, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधार आला तर गोळीवर खापर फोडत घरी बसू नका. 2017 साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. सरळ दवाखाना गाठा आणि चालू गोळीचे पाकीट सोबत न्या.

घरच्यांनो, पहिले काही आठवडे त्या माणसाला एकटे सोडू नका. विशेषतः 25 वर्षांखालच्या पोरापोरींत सुरुवातीला तगमग आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात. तसे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. उलट एखादा एकाएकी झोपेविना हिंडू लागला, भरमसाट बोलू-खर्चू लागला, तरीही न्या. गोळ्या बायकोने किंवा आईने सांभाळाव्यात, रोजची एक काढून द्यावी. फवारणीचे डबे घरात नकोतच. ते कुलपात असावेत आणि किल्ली दुसऱ्याकडे. मनात काय चालले आहे हे सरळ विचारल्याने कोणी मरणाकडे ढकलला जात नाही.

14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर 2022 पासून आहे. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मनाचा आजार म्हणजे येरवडा नाहीतर ठाणे, हे दिवस गेले. पोलिसांना भिऊन कोणी दवाखाना टाळू नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता त्याची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक केले आहे.

पण शिंदखेड्याच्या कोरडवाहू माणसाने दर महिन्याला धुळे गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर एसटीचे भाडे. गोळी अर्ध्यावर सुटते ती पुष्कळदा यामुळेच. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांचा वार ठरवा, तो फलकावर लिहा, आणि रुग्णाला महिनाभराच्या गोळ्या तिथेच द्या.