सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेचा मोठा गाजावाजा केला. ७५,०२१ कोटी रुपये खर्चून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवावयाची, वापरून उरलेली वीज वितरण-जाळ्यात सोडावयाची आणि तिची वजावट ग्राहकाला बिलात द्यावयाची, असा हा बेत आहे. तामिळनाडूत वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या आदेशाने घरगुती ग्राहकांना नेट मीटरची सोय मिळालेलीच होती. सौरऊर्जेला विरोध करण्याचे कष्टकरी जनतेला काहीच कारण नाही. परंतु जनतेचा हा पैसा कोणाच्या छपरावर चढतो, हे तिने विचारलेच पाहिजे.

तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यासाठी सुमारे तीनशे चौरस फूट मोकळी गच्ची हवी, तिच्यावर हक्क हवा आणि उरलेल्या रकमेसाठी शिल्लक किंवा कर्ज हवे. चेन्नईच्या अड्यार किंवा अण्णा नगरमधील बंगलेवाल्यापाशी हे सारे असते. शहराच्या मध्यातून उठवून कण्णगी नगर आणि पेरुंबाक्कमच्या इमारतींत नेऊन टाकलेल्या कामगारापाशी यांतले काय आहे? त्याच्या डोक्यावरचे छप्पर म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन! भाडेकरूचीही तीच गत. अनुदान सर्वांच्या करांतून, लाभ मात्र गच्चीच्या मालकाला.

गरिबाला दोन महिन्यांस १०० युनिट मोफत मिळतात, मग त्याला पॅनेल कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. २०१६ पासूनची ही सवलत बंगल्यालाही लागू आहे. शिवाय सवलत सरकारच्या एका सहीने काढून घेता येते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे वीज देते. नेट मीटरचा ग्राहक रात्री त्याच जाळ्यातून वीज परत घेतो. तारा, रोहित्रे आणि खांबावर चढणारा कामगार यांचा खर्च कमी होत नाही. चढ्या दराने बिल भरणारे ग्राहक घटत गेले की तो बोजा गच्ची नसलेल्यांच्याच माथी येणार.

गच्चीवर पॅनेल बसविणारा नोकरदार हा शत्रू नव्हे. जाब धोरणकर्त्यांना विचारावयाचा आहे. भारतातील पहिला सौरघट १९७७ मध्ये साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कारखान्याने बनविला. तोच कारखाना २०२१ मध्ये २१० कोटी रुपयांना खाजगी कंपनीच्या घशात घालण्याचा घाट सरकारने घातला. कामगारांनी विरोध केला आणि २०२२ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. सूर्याच्या नावाने जयघोष आणि सार्वजनिक कारखान्याचा लिलाव, असे हे धोरण आहे!

वितरण कंपनीने स्वतः घरांवर पॅनेल बसविण्याचा मार्ग केंद्रानेच डिसेंबर २०२४ मध्ये खुला केला. तेव्हा सबबीला जागा उरलेली नाही. पुनर्वसन वसाहतींच्या प्रत्येक इमारतीवर सार्वजनिक खर्चाने पॅनेल बसविली पाहिजेत. गच्ची अपुरी पडेल तेथे बस आगारे आणि सरकारी कचेऱ्या यांची छपरे जोडावीत, आणि विजेची वजावट भाडेकरूंसह सर्व बिऱ्हाडांच्या बिलांत समान वाटावी. कामगार वस्त्यांनी आणि वीज कामगारांनी एकजुटीने रेटल्याखेरीज ही मागणी पदरात पडणार नाही.