दारू सोडलेल्या माणसालाही यात्रा असते

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सभासद,
गावोगावच्या यात्रा कमिट्या,
ता. जुन्नर व ता. आंबेगाव, जि. पुणे

विषय : यात्रेच्या दिवसांत व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांना काम, सोबत आणि बसायला जागा देण्याबाबत



पाडवा जवळ आला की तुमच्या गाड्या नारायणगावात येऊ लागतात. तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जात, चहावर चहा पीत, तुम्ही आपल्या गावाच्या यात्रेची तारीख धरून सुपारी ठरवता. त्याच दिवसांत वर्गणीची पावतीपुस्तकं निघतात, पत्रिका छापायला जाते, बैलगाड्यांच्या घाटाची डागडुजी सुरू होते. यात्रेत काय होणार आणि काय नाही, हे तेव्हाच ठरतं आणि ते तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र आमदारांना, एक्साइजला किंवा पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मी नारायणगावचा. दारू सोडून बरीच वर्षं झाली. खाली नाव लिहिलेलं नाही, कारण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांच्या ज्या संघटनेला आम्ही नुसतं 'एए' म्हणतो, तिथे आपलं नाव जाहीरपणे न मिरवण्याची रीत आहे. शिवाय हे एकट्याचं गाऱ्हाणं नाही. तुमच्या गावात माझ्यासारखे आहेतच. कोणी पुण्याला येरवड्यात, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेऊन आलेला आहे. कोणी तुळशीची माळ घातली आहे. कोणी डॉक्टरांच्या गोळ्यांवर आहे, तर कोणी मुंबईत नोकरीला असताना एएच्या मीटिंगला जायला लागला. वर्षभर हे लोक निभावून नेतात आणि यात्रेत अडखळतात.

गटारी, धुळवड, थर्टी फर्स्ट हे दिवस आम्हाला तुलनेनं सोपे जातात, असं सांगितलं तर नवल वाटेल. ते पिण्याचे दिवस म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. त्या दिवशी फोन बंद ठेवायचा, दार लावायचं, लवकर झोपायचं. कोणी काही म्हणत नाही. यात्रेला दार लावता येत नाही. ती घरची असते. लेकी माहेराला आलेल्या असतात, मुंबईकर भाऊबंद उतरलेले असतात, देवाचा नैवेद्य असतो, पालखीला खांदा द्यायचा असतो. यात्रेत घरात बसला तर माणूस गावातून उठतो आणि बाहेर पडला तर पहिल्याच चौकात 'ये की, आज यात्रा आहे' अशी हाक येते.

दारूवरचं अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, हे आता पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण हा आजार सणाला का उसळतो, ते सहसा कोणी सांगत नाही. दारू सुटली तरी तिच्या खुणा मेंदूत राहतात. जुना मित्र, जुना अड्डा, विशिष्ट वास, विशिष्ट वाजंत्री यांतलं काहीही समोर आलं की ओढ जागी होते. यात्रेत हे सगळं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी समोर येतं. मीटिंगमध्ये आम्हाला चार गोष्टी सांभाळायला शिकवतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आता यात्रेचा दिवस आठवून पाहा. पहाटे अभिषेकाला उठलेला माणूस मांडवडहाळ्यांच्या मिरवणुकीत उन्हातून चाललेला असतो. दुपारी घाटात उभा राहून जेवण राहिलेलं असतं. बारीच्या नंबरावरून कोणाशी तरी वाजलेलं असतं. भोवती गर्दी असूनही मनातलं सांगायला कोणी नसतं. रात्री छबिना, त्यानंतर तमाशा, झोप नाही. चारही गोष्टी रात्रीपर्यंत पुऱ्या झालेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी ग्लास पुढे करतो.

तो ग्लास पुष्कळदा दारूचा आहे हे कळतही नाही. यात्रेत मोकळं कोल्ड्रिंक मी कोणाच्या हातून घेत नाही. घाटामागे टेम्पोचा फाळका पाडलेला असतो, त्यावर पेपर, पेपरावर शेंगदाणे आणि फरसाण, बाजूला दोन लिटरची काळ्या कोल्ड्रिंकची बाटली. तिच्यात आधीच काय ओतलं आहे, ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. 'अरे, नुसतं कोल्ड्रिंकच आहे' असं हसून सांगणारे भेटतात, आणि त्यात त्यांना गंमत वाटते. म्हणून मी सीलबंद बाटली स्वतः विकत घेतो, स्वतः फोडतो आणि संपेपर्यंत हातातून खाली ठेवत नाही. आपल्याच गावात, आपल्याच देवाच्या यात्रेत, माणसाला प्रत्येक ग्लासाचा वास घ्यावा लागतो.

हे जमत नाही ते गाव सोडतात. उपचारानंतरच्या पहिल्या वर्षी असे प्रसंग टाळा, असा सल्ला मिळतो आणि तो बरोबरच आहे. पण मग दुसऱ्या वर्षीही माणूस यात्रेच्या आदल्या दिवशी पुण्याला निघून जातो, तिसऱ्या वर्षीही. लेक माहेराला येते आणि बाप घरी नसतो. 'दारू सोडली तेव्हापासून फार शिष्ट झाला' असं लोक म्हणतात. बायकोची वेगळीच परवड. पाहुण्यांना पुरणपोळी वाढताना तिचा एक डोळा दाराकडे असतो. मुक्तांगणात अशा बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, यावरून तिचा प्रश्न किती खरा आहे ते समजावं.

दारूशिवाय यात्रेला रंग येत नाही, असं कमिटीतलेच काही जण म्हणतील. आपल्या गावांना तसं म्हणता येणार नाही. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्याच जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे. इथे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस मांडव भरलेला, पंगती उठतात, काल्याच्या कीर्तनाला उभं राहायला जागा नसते आणि कोणीही कोणाला 'एक घे' म्हणत नाही. मांडव तोच असतो, वर्गणी देणारे तेच, वाढपीही तेच. तीच माणसं यात्रेत वेगळी वागतात, कारण यात्रेत ते चालतं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

गृहीत धरलेलं बदलतं, हेही आपण पाहिलेलं आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या. गाडे नाहीत तर यात्रा कसली, असं तेव्हा सगळे म्हणत होते. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळेपर्यंत गाड्यांशिवाय यात्रा झाल्या, पालख्या निघाल्या, पाहुणे आले. पुढे 2023 साली घटनापीठानं शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं. परवानगीसोबत नियमही आले. आता बैल घाटात उतरवायचा तर जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी लागते आणि बैलाला उत्तेजक द्रव्य देण्याला मनाई आहे. तुम्ही हे नियम नीट पाळता. बैलाच्या बाबतीत जी काळजी घेता, तिच्यातली थोडी माणसाच्या वाट्याला यावी, एवढंच मागणं आहे.

मी दारूबंदी मागत नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीनं ती करून दाखवली. महिलांच्या मतदानातून बाटली आडवी करून दुकान बंद करण्याची सोय कायद्यात आहे आणि ती वापरणाऱ्या बायकांबद्दल मला आदरच आहे. पण यात्रेतली बाटली पाहुण्यांच्या गाडीच्या डिकीतून येते. शिवाय आपलं नारायणगाव एकेकाळी इथल्या स्पार्कलिंग वाईनसाठी देशाबाहेर ओळखलं जात होतं. दारू गावातून नाहीशी होईल, या भरवशावर मी माझं पथ्य ठेवलेलं नाही. ज्याला प्यायची आहे तो पिणार. ज्याला प्यायची नाही त्यालाही यात्रेत उभं राहता यावं, यासाठी तुमच्या हातात असलेल्या या काही गोष्टी.

पहिली, आम्हाला काम द्या. शेरणीवाटप, पंगतीचं वाढप, पाण्याचा टँकर, पार्किंग, पालखीचा खांदा, काहीही चालेल. ज्याच्या छातीला कमिटीचा बिल्ला आहे, त्याला 'ड्यूटीवर आहे' असं सांगून ग्लास परत करता येतो. मात्र कामाच्या मध्ये त्याला वेळेवर जेवायला पाठवा आणि मध्यरात्रीनंतर घरी सोडा.

दुसरी, वर्गणीच्या पैशातून दारू जाऊ देऊ नका. मांडववाल्याची पोरं, डीजेवाले, रात्रभर राबणारे कार्यकर्ते यांना बाटली देऊन खूश करायचं आणि वहीत 'किरकोळ खर्च' लिहायचं, ही पद्धत तुम्हालाही माहीत आहे. त्यांना रोख पैसे द्या, चांगलं जेवण द्या. देवाच्या नावानं दिलेल्या वर्गणीचा हा खर्च हिशेबाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता येत नाही, यातच सगळं आलं.

तिसरी, यात्रेच्या संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवा. अमेरिकेत नाताळाला आणि नववर्षाला एएचे गट चोवीस तास मीटिंगा चालवतात. त्याला अल्कॅथॉन म्हणतात. ज्याला घरी किंवा पार्टीत थांबवत नाही तो तिथे येऊन बसतो, बोलतो, कॉफी पितो. आपल्याकडे सतरंजी, पंखा आणि मसाला दूध पुरे. मंचरच्या डेअरीतून दूध देशभर जातं, तर आपल्या यात्रेला ते कमी पडायचं कारण नाही. 31 डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत कार्यकर्ते चौकात दूध वाटतात. चैत्रातही ते चालेल.

चौथी, पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर एका ओळीत 14446 हा आकडा छापा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन आहे. फ्लेक्सवर शंभर शुभेच्छुकांचे फोटो मावतात, तर पाच आकडेही मावतील. तमाशा सुरू होण्यापूर्वी माइकवरून एकदा सांगा.

पाचवी, देवापुढे कोणाला जबरदस्तीनं शपथ घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास आणि वात होऊन जीवही जाऊ शकतो. त्याची इच्छा असेल तर त्याला आधी ग्रामीण रुग्णालयात न्या, भंडारा नंतर लावा. तसंच, न विचारता स्टेजवर बोलावून 'दारू सोडल्याबद्दल' शाल-श्रीफळ देऊ नका. घसरण हा या आजाराचा भाग आहे. पुढच्या वर्षी तो घसरला तर तीच शाल त्याला गावासमोर खाली मान घालायला लावेल. मुक्तांगणात व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात, पण तिथे समोर बसलेले सगळे त्याच वाटेवरचे असतात.

तमाशाबद्दलही एक सांगायचं आहे. आमच्या अडचणीचं खापर काही जण तमाशावर फोडतात. ते मला मान्य नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या या गावानं तमाशाला मान दिला, आणि त्यांच्या नावानं शासन आज पुरस्कार देतं. फडातल्या बायकांना प्यायलेल्या प्रेक्षकांचा जो त्रास सोसावा लागतो, तो आमच्यापेक्षा जास्त आहे. शुद्धीत बसलेला प्रेक्षक वग शेवटपर्यंत ऐकतो आणि सकाळच्या हजेरीलाही येतो. मी येतो.

हे सगळं गावाकडेच का मागतो, तेही सांगतो. 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे दिले होते. त्या घरातून आजवर असंख्य माणसं बरी होऊन आपापल्या गावी परतली. उपचार केंद्राचं काम माणूस गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडण्याचं. वेशीच्या आतलं काम केंद्राला करता येत नाही, ते गावाचं आहे.

गावकऱ्यांनाही एक विनंती. पोळीचा आग्रह करा, मटणाचा करा, हवा तितका करा. दारूला 'नको' म्हटलं की पुन्हा विचारू नका आणि कारणही विचारू नका.

वर लिहिलेल्या पाच गोष्टींना फारसा खर्च नाही. दुसरीत तर वर्गणी वाचतेच. पाडव्याआधी यात्रेची बैठक बसेल, तेव्हा तारीख, वर्गणी आणि सुपारी यांच्या जोडीला हा विषय घ्या, ठराव वहीत लिहा आणि आपल्या गावातल्या अशा एका माणसाला आत्ताच निरोप धाडा : यंदा यात्रेला थांब, तुझ्याकडे काम आहे.



आपला,
एक गावकरी
नारायणगाव, ता. जुन्नर