आपल्या घरांत 'तसले' कोणी नाही?



मंडळाच्या बैठकांत आपण पुष्कळ बोलतो. मुलांची मराठी सुटत चालली म्हणून बोलतो. निवडणुकीत आपल्या मतांना कोणी विचारत नाही म्हणून बोलतो. गणपतीच्या वर्गणीवर तर रात्रीचे अकरा वाजतात. एक विषय मात्र कधीच अजेंड्यावर येत नाही. कोणी काढलाच, तर ज्येष्ठ मंडळी घाईघाईने सांगतात, "आपल्या घरांत तसले काही नसते."

'तसले' म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक असते. पुरुषाचे मन पुरुषावर जडणे, बाईचे बाईवर. त्याला मराठीत सरळ शब्द आहे, समलिंगी. तो उच्चारायची लाज वाटते, म्हणून 'तसले'.

आमचे म्हणणे आडपडदा न ठेवता मांडतो. आपल्या घरांत समलिंगी मुले-मुली आहेत. पूर्वीही होती. त्यांची लग्ने लावून देऊन आपण एकेका लग्नात दोन-दोन आयुष्ये नासवीत आलो आहोत. हे थांबले पाहिजे, आणि ते कोर्टाने किंवा सरकारने थांबवायचे नसून आपण थांबवायचे आहे.

बेगम बाजार, गौलीगुडा, बडी चावडी, काचीगुडा, कुठल्याही जुन्या घरातली माणसे आठवून पाहा. माडीवरच्या खोलीत जन्म काढलेले एखादे काका आठवतील. लग्न केले नाही. मित्र एकच, पण जिवाभावाचा. तो गेल्यावर काका फार दिवस राहिले नाहीत. घरच्यांनी त्यांना 'विरक्त' ठरवून विषय मिटवला. प्रत्येक ब्रह्मचारी काका समलिंगी होता, असे आम्ही म्हणत नाही. एकही नव्हता, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये.

त्या काकांना निदान एकटे राहू दिले. आजची तऱ्हा त्याहून वाईट आहे. मुलगा धीर करून आईला सांगतो. आई रडते, वडील बोलणे टाकतात, आणि महिन्याभरात घरचा तोडगा निघतो, "लग्न करून द्या, सुधारेल." मग नांदेड-परभणीकडे स्थळे पाहायला सुरुवात. हैदराबादचे जुने घराणे, स्वतःचे घर, मुलाला पगाराची नोकरी. मुलीचे वडील हरखून जातात. आपण गोत्र पाहतो, नाडी पाहतो, मंगळ पाहतो. जे एक सांगायला हवे, ते तेवढे सांगत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पाळणा हलत नाही म्हणून डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि तपासण्या होतात त्या सुनेच्या.

आम्ही कॉमर्सवाले. देणे लपवून ताळेबंद जुळवला तर त्याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात. लग्नाच्या बायोडेटात तेच केले तर त्याला घराण्याची अब्रू का म्हणायचे? कायदाही या बाबतीत मुका नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाखाली महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. पण आपल्या मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागेपर्यंत थांबायचे कशाला? इथे फसवणारे आपण आहोत आणि फसणारी लेकही आपल्याच समाजाची आहे.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप: हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. खुद्द इंग्लंडने १९६७ मध्ये आपल्या घरचा असा गुन्हा कायद्यातून काढला. आम्ही मात्र त्यांचे उष्टे पुढे ५१ वर्षे संस्कृती म्हणून सांभाळीत बसलो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते निष्प्रभ केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही बेडी तोडली.

मराठी माणसाने तर हा विषय परका म्हणूच नये. रघुनाथराव कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना समलिंगी संबंधांसारख्या विषयांवर लिहिले, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत मराठी माणसे ज्या विषयासाठी कोर्टात उभी राहिली, तो विषय बेगम बाजारात आज कुजबुजत बोलायचा? पुढे १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. त्यातली नायिका एका मुलीवर जीव लावते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. तेव्हा 'मराठीत हे नव्हते' ही सबब चालणार नाही.

दुसरा आक्षेप: हा रोग आहे, औषध हवे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले 'बदलाचे उपचार' करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. इतके झाल्यावरही जो डॉक्टर, वैद्य किंवा बाबा मुलाला 'सरळ' करून देतो म्हणून पैसे मागतो, तो लुटारू आहे. त्याच्याकडे मुलाला नेणारा बाप मुलाचे भले करीत नाही.

तिसरा आक्षेप जरा चतुर आहे. ते म्हणतात, करायचे ते घरात करा, रस्त्यावर झेंडे कशाला? आम्ही विचारतो, आपला गणपती बेगम बाजारातून वाजतगाजत हुसेनसागरावर का जातो? पूजा तर देवघरातही होते. आपण संख्येने थोडे आहोत, म्हणूनच वर्षातून एकदा शहराला आपली ओळख दाखवावीशी वाटते. त्यांनाही तेच वाटते. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात गेला आणि आपण जिथल्या तिथे राहिलो. तेव्हापासून "तुम्ही इथले की तिकडचे?" हा प्रश्न ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. हा प्रश्न ऐकणाऱ्याला काय वाटते, हे ज्यांना अनुभवाने कळते, त्यांनी तरी तो आपल्याच मुलाला विचारू नये.

समलिंगी आणि तृतीयपंथी या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी दोघांना मिळालेली वागणूक एकाच घाण्यातली आहे. आपल्या निजामी मुलखात १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ चा कायदा होता. त्याखाली तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवली जाई, आणि बाईच्या वेषात रस्त्यावर दिसलेल्याला वॉरंटाशिवाय पकडता येई. निजामी संपली १९४८ मध्ये. हा कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो २०२३ च्या जुलैत. कायद्याची ही गत, तर मनांची काय असेल!

लग्नाच्या हक्काची लढाईदेखील आपल्या शहरातून दिल्लीला गेली. सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग हे हैदराबादचे जोडपे. त्यांनी २०२१ च्या डिसेंबरात घरच्यांच्या आशीर्वादाने समारंभ केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने असा विवाह कायद्याने मान्य करण्यास नकार दिला. जोडीदारी म्हणून नोंद व्हावी की नाही, यावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तिला अनुकूल असलेल्या दोघांत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. मात्र सरकारने कोर्टाला शब्द दिल्याप्रमाणे एक समिती नेमली गेली आणि काही व्यवहार मोकळे झाले. त्यांतला एक आमच्या टेबलावरचा आहे, म्हणून त्याविषयी अधिकाराने बोलतो.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की समलिंगी जोडप्याला संयुक्त खाते उघडण्यास किंवा जोडीदाराला नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. बऱ्याच लोकांना वाटले, सरकारने नवी सवलत दिली. वास्तविक बँकेच्या नॉमिनेशन फॉर्ममधला रकाना वर्षानुवर्षे असाच आहे: ठेवीदाराशी नाते, 'असल्यास'. नाते असलेच पाहिजे, असे तिथे कधी लिहिलेले नव्हते. 'असल्यास'चे 'असलेच पाहिजे' केले ते काउंटरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांनी.

या सूचनेनंतर एका शाखेत पन्नाशीचे दोन गृहस्थ आले. खात्यावर दोघांची नावे, एकमेकांचे नॉमिनेशन. आमच्या एका सहकाऱ्याने मुद्दाम मोठ्याने विचारले, "रिश्ता क्या लिखूँ?" रांग वळून पाहू लागली. त्यांतले थोरले शांतपणे म्हणाले, "'इफ एनी' लिखा है ना साब? खाली छोड दो." वीस वर्षांच्या संसाराला रकाना रिकामा ठेवावा लागतो, यात शरम कोणी वाटून घ्यायची, याचा विचार वाचकांनी करावा.

त्यातही एक मेख आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते. पुढे कायदेशीर वारस ते मागू शकतात. हिंदू वारसा कायद्यात जोडीदाराला जागा नाही. ज्याने आजारपणात उशाशी रात्री काढल्या तो उपरा, आणि ज्याने दहा वर्षांत फोन केला नाही तो पुतण्या वारस. ग्रॅच्युइटी आणि फॅमिली पेन्शनच्या नियमांतही 'कुटुंब' म्हणजे रक्ताचे आणि लग्नाचे. आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असे राज्यांना कळवले, तेही जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर. जिवंतपणी ज्या नातेवाइकांनी दार लावून घेतले, त्यांचा हक्क मेल्यावर पहिला. म्हणून अशा जोडप्यांना आमचा सल्ला आहे, केवळ नॉमिनेशनवर विसंबू नका. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. सब-रजिस्ट्रारकडे नोंदवले तर उत्तम.

राहिला शेवटचा आणि खरा आक्षेप: लोक काय म्हणतील? मे २०२२ मध्ये याच बेगम बाजारात जातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुणाला भर रस्त्यात भोसकून मारले. अब्रूच्या कल्पनेला मोकळे सोडले की ती कुठवर जाते, हे आपण दारात उभे राहून पाहिले आहे. आपल्या घरांत सुरे निघत नाहीत, हे खरे. आपण अबोला धरतो, मुलाचे नाव पत्रिकेतून गाळतो, त्याच्या जोडीदाराला उंबऱ्याबाहेर ठेवतो. माणूस त्यानेही संपतो.

'लोक' फार लवकर विसरतात, हेही लक्षात ठेवावे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले तेव्हा मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९५८ मध्ये त्यांनाच भारतरत्न मिळाले. बहिष्कार टाकणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवतात? आपल्या पूर्वजांनी १९०७ मध्ये या शहरात शाळा काढली, तिचे नाव विवेक वर्धिनी ठेवले. नावातला पहिला शब्द आपण विसरू नये.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मंडळाच्या वधू-वर नोंदणीत मुला-मुलीची संमती आईवडिलांच्या गैरहजेरीत, त्यांच्या स्वतःच्या सहीने घ्यावी. लग्न नको म्हणणाऱ्याचे नाव नोंदवहीत घेऊ नये, मग वडील कितीही मोठे देणगीदार असोत. वर्षातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ आणि वकील यांचे व्याख्यान ठेवावे. मंडळाच्या कार्यक्रमाला सभासदाचा जोडीदार आला तर त्याला पाहुण्याचा मान मिळावा, चौकशीचा जाच नको.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय अजेंड्यावर घ्यावा, अशी लेखी मागणी आम्ही करीत आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तोही लेखी आणि सहीनिशी द्यावा, म्हणजे कोण काय म्हणाले याची इतिवृत्तात नोंद राहील. ती उद्या आपली नातवंडे वाचतील.