अर्ध्या गुणाची बाई

मोटारींच्या शर्यतींचं वेड असलेल्या कुणालाही विचारा, ‘फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी एकमेव बाई कोण?’ उत्तर तयार असतं. लेला लोंबार्दी, इटलीची. १९७५, स्पेनची शर्यत, सहावा क्रमांक, अर्धा गुण. ‘अर्धा’ म्हणताना सांगणारा थोडासा हसतोही. मला त्या हसण्याबद्दल बोलायचं आहे.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात मोटारींच्या शर्यती कशाला, असं तुम्हांला वाटेल. पेट्रोल जाळत गोल गोल फिरणाऱ्या श्रीमंतांचा हा खेळ. त्याबद्दल माझा वाद नाही. पण गेली पंचवीस-तीस वर्षं मी तो आवडीनं बघते आहे, आणि त्याच्या शौकिनांमध्ये माहितीचा जो वापर होतो तो मला ग्रामसभेत, युनियनच्या बैठकीत, घरातल्या पैशाअडक्याच्या बोलण्यातही दिसतो. माहिती असते ती दारावर पहारा बसवायला.

हा पहारा कसा चालतो ते बघा. पुरुष म्हणाला, ‘मला शर्यती आवडतात,’ तर समोरचा विचारतो, ‘कोणाचा चाहता तू?’ तेच बाई म्हणाली की तिची तोंडी परीक्षा सुरू. १९७६ चं विजेतेपद कोणी एका गुणानं मिळवलं? जेम्स हंटनं. सहा चाकांची गाडी कोणाची? टिरेलची. अशा परीक्षा मी कितीतरी दिल्या. उत्तरं चुकली असती तर ‘बायकांना यातलं काय कळतं’ हा निकाल तयारच होता. बरोबर आली तेव्हा एका क्लबातल्या प्रश्नमंजुषेत ऐकलं, ‘नवऱ्यानं चांगलं पढवलंय.’ म्हणजे नापास झालेली बाई अडाणी आणि पास झालेली पोपट. ज्या परीक्षेत दोन्हीकडून आपलीच हार, ती परीक्षा द्यायचीच कशाला?

आता परीक्षकांच्या आवडत्या प्रश्नाकडे वळू. गुण अर्धा का? बार्सेलोनातल्या मोंटज्युइक बागेतल्या रस्त्यांवर ती शर्यत होती. कडेचे लोखंडी कठडे नीट आवळलेले नाहीत म्हणून चालकांनी सराव करायला नकार दिला होता. विश्वविजेता एमर्सन फिट्टिपाल्दी तर निषेध म्हणून शर्यतीतून बाहेर पडला. तरी शर्यत झाली. सर्वांत पुढे असलेल्या रॉल्फ श्टॉमेलनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यापलीकडे गेली, माणसं मेली. ७५ पैकी २९ फेऱ्यांवर शर्यत थांबवली आणि सगळ्यांनाच निम्मे गुण दिले. जिंकणाऱ्या योखेन मासलाही निम्मेच मिळाले. पण मासला कोणी ‘साडेचार गुणांचा पुरुष’ म्हणत नाही. हसू फक्त लेलाच्या वाट्याला येतं.

तिच्या मार्च गाडीची एक हकिकत सांगितली जाते. गाडी वळणावर नीट वागत नाही, अशी लेलाची तक्रार होती. संघातल्या लोकांनी ती मनावर घेतली नाही. पुढे तीच गाडी रॉनी पीटरसनकडे गेली. त्यानंही तेच सांगितलं, तेव्हा उघडून पाहिली, तर मागच्या सांगाड्याच्या भागाला तडा गेलेला. बाईला कळलेलं खरं ठरायला पुरुषाच्या तोंडून बाहेर पडावं लागलं. हे तुमच्या-माझ्या घरातलं नाही का? ‘पोटात दुखतंय’ असं बाई सांगते तेव्हा ती कुरकुर असते. पुरुषानं सांगितलं की डॉक्टर बोलावतात.

१९९२ ची गोष्ट घ्या. जोव्हाना अमाती ब्रॅबम संघाकडून आली. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा शर्यतीत उतरण्याइतका वेग नोंदवता आला नाही, तिला काढलं. हे शौकिनांना तोंडपाठ असतं. तिच्या जागी आलेल्या डेमन हिलनं त्याच संघाकडून आठ प्रयत्न केले आणि फक्त दोनदा त्याला जागा मिळाली. संघ कंगाल, गाडी रखडलेली. हिल १९९६ साली विश्वविजेता झाला, म्हणून त्याचं सहा वेळचं अपयश ‘उमेदवारीचा काळ’ ठरलं. अमातीचं तीन वेळचं अपयश मात्र समस्त बायकांचं ठरलं. आकडे दोघांचेही खरेच आहेत. खोट आहे ती ते वाचण्याच्या पद्धतीत.

‘एकमेव’ या शब्दाची खोड तर फार जुनी. एकमेव म्हटलं की वाटतं, बाकीच्यांना जमलं नसेल. बाकीच्यांना आत येऊ दिलं का, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नमंजुषेत नसतो. कामिय द्यु गास्त १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत उतरली होती. वाटेत अपघात झालेल्या एका चालकाच्या मदतीला ती थांबली आणि मागे पडली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शर्यतीचे दरवाजे बायकांना बंद झाले. कारण दिलं बायकांच्या हळव्या स्वभावाचं! मारिया तेरेसा दे फिलिप्पिस १९५८ साली बेल्जियमच्या शर्यतीत दहावी आली, फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत उतरलेली पहिली बाई. त्याच वर्षी फ्रान्सच्या संयोजकानं तिला अडवलं. बाईनं शिरस्त्राण घालायचंच असेल तर केस वाळवायचं घालावं, असं तो म्हणाल्याचं तिनं म्हातारपणी सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत १९७१ पर्यंत बायकांना गाड्यांच्या गॅरेजपाशी पाऊल टाकायची मुभा नव्हती. १९७७ साली जॅनेट गथ्री तिथे पात्र ठरली. पदार्थविज्ञान शिकलेली, विमानउद्योगात अभियंता म्हणून काम केलेली ही बाई. मग घोडं अडलं ते एका वाक्यावर. ‘सभ्य गृहस्थहो, इंजिनं सुरू करा,’ ही तिथली ठरलेली आरोळी. मालक म्हणाले, शब्द बदलायचं कारण नाही, कारण इंजिन चालक सुरू करत नाही, बाहेर उभा असलेला मेकॅनिक करतो आणि तो पुरुषच असतो. गथ्रीच्या संघानं काय करावं? के बिग्नोटी या बाईला इंजिन सुरू करण्याच्या कामावर नेमलं. मालकांचा युक्तिवादच संपला आणि आरोळी बदलावी लागली. पुढच्या वर्षी मोडलेल्या मनगटानं गाडी चालवून गथ्री नववी आली. प्रश्नमंजुषेत गथ्री असते. के बिग्नोटीचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

आणि ज्या माहितीचा एवढा तोरा, ती गोळा कोणी केली? १९६० आणि ७० च्या दशकांत संघांकडे संगणक नव्हते. पिटच्या कठड्यावर स्टॉपवॉच आणि कागद घेऊन कोणीतरी बसायचं. वीस-पंचवीस गाड्या, प्रत्येक फेरीला प्रत्येकीची वेळ आणि क्रम, आणि दोन तास नजर हलवायची नाही. कित्येक संघांत हे काम चालकांच्या बायका करत. बेट हिल, नीना रिंड्ट यांचे हातात स्टॉपवॉच घेतलेले फोटो आजही छापले जातात, आणि खाली लिहिलेलं असतं ‘अमुकची देखणी पत्नी’. हे काम किती अवघड, ते १९७३ च्या कॅनडाच्या शर्यतीत दिसलं. पावसामुळे गाड्या चाकं बदलायला आत-बाहेर झाल्या, तक्ते विस्कटले, आणि शर्यत संपल्यावरही जिंकलं कोण यावर बराच वेळ वाद चालला. हिशेब ठेवणारी बायको, आणि तो पाठ म्हणून दाखवणारा ‘जाणकार’. बचतगटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

एलिश्का युन्कोव्हा ही चेक बाई शर्यतीआधी मार्ग पायी फिरून वळणं आणि खुणा टिपून ठेवायची. असं करणाऱ्या पहिल्या काही चालकांत तिची गणना होते. १९२८ साली सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओत, १०८ किलोमीटरच्या एकेका डोंगरी फेरीच्या शर्यतीत, ती काही काळ सर्वांच्या पुढे होती आणि शेवटी पाचवी आली. याला मी ज्ञान म्हणते. त्यासाठी पाय झिजवावे लागतात.

काही जणी म्हणतील, उपाय सोपा आहे, आपण आणखी नावं पाठ करू. मिशेल मूतों, १९८१, सानरेमो रॅली जिंकणारी. १९८२ साली पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील जिंकून जागतिक स्पर्धेत दुसरी. नावं जरूर पाठ करा. पण तिथेही बघा, सानरेमोत मूतोंच्या शेजारी बसून वळणावळणाची टिपणं वाचणारी फाब्रीत्सिया पोन्स होती. गाडीत दोन बायका होत्या, यादीत एकच उरली. ‘पहिली कोण’ एवढंच विचारलं की दुसरी गळते, हात देणारी गळते, अडवलेली तर दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं आपल्या गटांनाही आहे. आठ मार्चला ‘पहिली महिला वैमानिक कोण’, ‘पहिली महिला अमुक कोण’ अशा प्रश्नमंजुषा होतात, बक्षिसाला स्टीलचे डबे वाटतात. त्यात एक प्रश्न वाढवा : पहिलीला एवढा उशीर का झाला, आणि दुसरी कुठे अडली? लोंबार्दीची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत १९७६ ची, ऑस्ट्रियातली. त्यानंतर २०२५ चा मोसम संपेपर्यंत एकही बाई तिथे मुख्य शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली नाही. ही मधली जवळजवळ पन्नास वर्षं कोणत्या यादीत लिहायची?

‘अहो, खेळ आहे, गंमत आहे, कशाला मनावर घेता?’ असं लगेच म्हणतील. गंमत असेल तर दोघांनाही हसू यायला हवं. पुढच्या वेळी कोणी तुमची परीक्षा घ्यायला लागला, तर उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, त्या अर्ध्या गुणाच्या शर्यतीत माणसं का मेली? लेलाची तक्रार कोणी ऐकली नाही? के बिग्नोटी कोण? त्याला माहीत नसेल तर हसू नका. त्याला बसवा आणि सगळं सांगा. माहिती वाटायची असते, हे त्याला कोणीतरी शिकवायला हवं.